चीनिसीतलं उघडं दार

पालेर्मोच्या विमानतळावर उतरताना खिडकीच्या एका बाजूला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला उघडाबोडका, अंगावर येणारा डोंगर. धावपट्टी या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे. डोंगरावरून सुटणारे वारे इथे बेभरवशाचे. 5 मे 1972 रोजी उतरायला आलेलं एक विमान मोंतान्या लोंगा या डोंगरावर आदळलं आणि त्यातले सर्वच्या सर्व 115 जण मेले. 23 डिसेंबर 1978 रोजी दुसरं विमान धावपट्टीच्या अलीकडेच समुद्रात पडलं. त्यात 108 जण गेले. विमानतळाला ही जागा योग्य नव्हती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही 1960 साली पुंता राईसीचा विमानतळ इथेच सुरू झाला. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ते शेतकरी शेजारच्या चीनिसी गावचे.

ही त्या गावातल्या एका बाप-लेकाची हकिगत आहे. बाप माफियाचा माणूस होता आणि मुलगा माफियाच्या जिवावर उठलेला. पण मधे एक आई उभी होती. सिसिलीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सुडाची रीत तिने आपल्या उंबऱ्यावर थांबवली. बाप-लेकाची गोष्ट जगभर ठाऊक झाली, तिच्यावर सिनेमाही निघाला. आईचं काम मात्र त्या मानाने कमी सांगितलं जातं, आणि खरं मोल त्याच कामाचं आहे.

आधी ही रीत कशी जन्मली ते पाहायला हवं. सिसिलीत सरंजामशाही कायद्याने 1812 साली संपली, पण जमिनी जमीनदारांकडेच राहिल्या. जमीनदार पालेर्मोच्या वाड्यात राहायचे. त्यांच्या हजारो एकरांचा मक्ता गाबेल्लोतो नावाचे मक्तेदार घ्यायचे, आणि पिकावर, गुरांवर, कुळांवर नजर ठेवायला घोड्यावरचे हत्यारबंद राखणदार नेमायचे. सरकार लांब, कोर्ट त्याहून लांब. चोरीला गेलेलं जनावर परत हवं असेल, कर्ज वसूल करायचं असेल, पोरीची बदनामी करणाऱ्याला धडा शिकवायचा असेल, तर माणूस या राखणदारांकडे जायचा. इटली एक झाल्यावरही हे बदललं नाही. 1876 साली लेओपोल्दो फ्रांकेत्ती हा तरुण अभ्यासक सिसिलीत हिंडला आणि त्याने जे पाहिलं त्याला ‘हिंसेचा उद्योग’ असं नाव दिलं. हे नाव अचूक होतं. मारणं आणि मारण्याचा धाक घालणं हा तिथे धंदा होता, आणि धंदा म्हटला की तो बापाकडून मुलाकडे जाणारच.

धंद्याबरोबर वैरही जायचं. बाप मारला गेला की मुलाने त्याचा हिशेब चुकता करायचा, आणि मुलगा मारला गेला की बापाने, भावाने, चुलत्याने. पोलिसात जाणं म्हणजे नामर्दपणा. तोंड न उघडण्याच्या या नियमाला ते ओमेर्ता म्हणतात. सूड घेणारे हात पुरुषांचे असले तरी त्याची आठवण जागी ठेवायचं काम बायकांकडे असे. आयुष्यभर काळे कपडे घालायचे, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, आणि मोठ्या होणाऱ्या मुलाला बापाचं देणं विसरू द्यायचं नाही.

चीनिसीचा लुईजी इम्पास्तातो या जगातलाच. गुरांचा व्यवसाय करणारा, माफियाच्या उतरंडीत फार वर नसलेला, पण आतला माणूस. मुसोलिनीच्या काळात माफियाशी संबंध असल्यावरून त्याला स्थानबद्ध करून बेटावर धाडलं होतं. त्याची बहीण चेझारे मांझेल्ला याला दिलेली, आणि मांझेल्ला हा चीनिसीचा म्होरक्या होता. 1947 साली लुईजीचं फेलीचा बार्तोलोत्ताशी लग्न झालं. फेलीचाचं माहेर माफियातलं नव्हतं. पुढच्या वर्षी, 5 जानेवारी 1948 ला त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं जुझेप्पे, पण सगळे त्याला पेप्पीनो म्हणत.

पेप्पीनो पंधरा वर्षांचा असताना आत्याच्या नवऱ्याची चिरफाड झाली. पालेर्मोतल्या टोळ्यांमधे हेरॉइनच्या एका व्यवहारावरून ठिणगी पडली होती. डिसेंबर 1962 मधे एका बाजूचा माणूस मारला गेला. जानेवारीत त्याचा बदला म्हणून दुसऱ्या बाजूचा साल्वातोरे ला बार्बेरा गायब झाला. याच वैरात 26 एप्रिल 1963 रोजी मांझेल्लाच्या शेतावर स्फोटकं भरलेली आल्फा रोमिओ मोटार उभी करण्यात आली आणि त्याच्या चिंधड्या उडाल्या. ही माळ तिथेही थांबली नाही. 30 जूनला पालेर्मोजवळ चाकुल्ली इथे तशाच मोटारीचा स्फोट होऊन ती निकामी करायला गेलेले पोलीस आणि लष्कराचे सात जण मेले. एका व्यवहारातून सुरू झालेलं वैर सहा महिन्यांत कुठवर गेलं ते पाहावं.

घरातल्या माणसाचा असा अंत पाहिलेल्या मुलासमोर रिवाजाने एकच वाट ठेवलेली असते. पेप्पीनो त्या वाटेने गेला नाही. मांझेल्लाला कुणी मारलं, यापेक्षा मांझेल्ला मुळात कोण होता, हा प्रश्न त्याला छळू लागला. तो डाव्या चळवळीत गेला. 1965 साली, सतराव्या वर्षी, त्याने मित्रांबरोबर ‘लिदेआ सोशालिस्ता’ नावाचं छोटं पत्र काढलं आणि त्यात ‘माफिया म्हणजे विष्ठेचा डोंगर’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. ज्या गावात माफिया हा शब्दच कुणी मोठ्याने उच्चारत नव्हतं, तिथे हे छापून आलं आणि खाली नाव होतं लुईजी इम्पास्तातोच्या मुलाचं.

लुईजीने त्याला घराबाहेर काढलं.

इथून बापाची परवड सुरू झाली. मांझेल्लानंतर चीनिसीची सत्ता गाएतानो बादालामेंतीकडे आली होती. विमानतळाच्या बांधकामाला लागणारी खडी, ट्रक आणि ठेके यांवर माफियाचा हात होता, आणि समुद्र-डोंगराच्या मधल्या त्या पट्टीतून हेरॉइन अमेरिकेकडे जात होतं. सत्तरच्या दशकात बादालामेंती सगळ्या सिसिलीच्या माफिया मंडळाचा प्रमुख झाला. त्याचं घर कोर्सो उंबेर्तो या गावच्या मुख्य रस्त्यावर, इम्पास्तातोंच्या घरापासून सुमारे शंभर पावलांवर होतं. लुईजी त्याच्याकडे जाणारा-येणारा. त्याच रस्त्यावर त्याचा मुलगा पत्रकं वाटत होता. धावपट्टी वाढवायला आणखी जमिनी घेण्याचं घाटलं, तेव्हा पेप्पीनो शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. ‘सिसिलीचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे दानीलो दोल्ची यांनी 1967 साली काढलेल्या शांतता मोर्चातही तो चालला.

नवरा घरात नसला की फेलीचा मुलाला आत घ्यायची, जेवू घालायची. लुईजीला हे कळत नसेल असं म्हणवत नाही. घरात दोन सत्ता नांदत होत्या, एक पुढच्या दाराची आणि एक स्वयंपाकघराची.

लुईजीला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. त्याने मुलाला समजावलं, धमकावलं, हाकललं. पण ज्या जगात तो वाढला होता, तिथे मुलाला वाचवण्याचा त्याला माहीत असलेला उपाय हाच होता: बापाने पोराला टाकलं आहे असं गावाला दिसलं, तर कदाचित पोराच्या बोलण्याकडे काणाडोळा होईल. या बापाचा गुन्हा माफ करावा असं नाही. तो शेवटपर्यंत त्या जगाचाच राहिला. तरीही मुलाच्या आणि गोळीच्या मधे काही वर्षं तो उभा होता, हे नाकारता येत नाही.

1976 साली इटलीच्या घटना न्यायालयाने स्थानिक रेडिओवरची सरकारची मक्तेदारी मोडली. गावोगावी छोटी रेडिओ केंद्रं उगवली. 1977 मधे पेप्पीनो आणि त्याच्या मित्रांनी शेजारच्या तेर्रासीनीत ‘रेडिओ आउत’ सुरू केला. पत्रक वाचणारे मोजके असतात, रेडिओ मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात, न्हाव्याच्या दुकानात आणि खुद्द बादालामेंतीच्या घरातही ऐकू जातो. ‘ओंदा पात्सा’, म्हणजे वेडी लहर, नावाच्या कार्यक्रमात पेप्पीनो गावची नक्कल करायचा. चीनिसीचं नाव त्याने ‘माफियोपोली’ ठेवलं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या ‘सिटिंग बुल’ या सरदाराच्या नावावर कोटी करून गाएतानो बादालामेंतीला तो ‘तानो सेदूतो’, बसलेला तानो, म्हणायचा. ठेके कुणाला मिळाले, परवाने कुणी दिले, हे नावानिशी सांगायचा. लोक हसत होते, आणि माफियाला ते हसूच खुपत होतं. ज्याची सत्ता धाकावर चालते, त्याच्यावर गाव हसलं तर धाक किती दिवस टिकणार?

त्याच वर्षी लुईजी अचानक अमेरिकेला गेला. बायकोलाही नीट सांगून गेला नाही. तिथे नात्यातल्या माणसांना भेटला. पेप्पीनोला मारायचं असेल तर आधी मला मारावं लागेल, अशा अर्थाचं तो तिथे बोलल्याचं पुढे फेलीचाला नातेवाइकांकडून कळलं. म्हातारपणी समुद्र ओलांडून मुलाच्या प्राणांची भीक मागायला गेलेला हा बाप मुलाशी मात्र या विषयावर धड बोलला नाही. परतल्यावर काही महिन्यांनी, सप्टेंबर 1977 मधे, रात्री घराकडे येताना त्याला मोटारीने उडवलं. अपघात म्हणून नोंद झाली. घरच्यांची शंका कधीच फिटली नाही.

अंत्ययात्रेला माफियाची माणसं आली. रीतीप्रमाणे ओळीने सांत्वन करायला पुढे झाली. पेप्पीनोने त्यांच्या हातात हात दिला नाही. सगळं गाव पाहत होतं. बाप गेला होता, म्हणजे आता मधे कुणी उरलं नव्हतं.

1978 च्या मे महिन्यात चीनिसीच्या पालिकेची निवडणूक होती. पेप्पीनो ‘देमोक्रात्सीया प्रोलेतारिया’ या पक्षातर्फे उभा होता. 8 मेच्या रात्री तो ठरलेल्या बैठकीला पोहोचलाच नाही. त्याला गाठून रानातल्या एका पडक्या गोठ्यात नेलं, मारहाण केली, आणि मग पालेर्मो-त्रापानी रेल्वेमार्गावर त्याच्या शरीराला स्फोटकं बांधून उडवून दिलं. 9 मेच्या सकाळी रुळांच्या आजूबाजूला त्याचे तुकडे विखुरलेले होते. त्याच दिवशी रोममधे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं प्रेत एका मोटारीत सापडलं. दहशतवाद्यांनी त्यांना 55 दिवस ओलीस ठेवून मारलं होतं. सगळ्या देशाचं लक्ष रोमकडे लागलं आणि चीनिसीच्या रुळांवरची बातमी कोपऱ्यात गेली.

मारेकऱ्यांना हवं होतं तेच पोलिसांनी म्हटलं. हा डावा पोरगा रेल्वे उडवायला गेला आणि स्वतःच उडाला, किंवा त्याने आत्महत्या केली. त्याच्या जुन्या नैराश्याच्या एका टिपणाचा आधार घेतला गेला. झडत्या झाल्या त्या मित्रांच्या घरांच्या, माफियाच्या नव्हे. मित्रांनी मग पोलिसांचं काम स्वतः केलं. रानात फिरून त्यांनी आपल्या दोस्ताच्या देहाचे राहिलेले अवशेष पिशव्यांत गोळा केले. गोठ्यातले रक्ताचे डाग पडलेले दगड उचलून आणले आणि तपासून घेतले. रक्त पेप्पीनोच्याच दुर्मीळ गटाचं निघालं. म्हणजे स्फोटाआधीच त्याला मारलं होतं. काही दिवसांनी मतदान झालं, आणि चीनिसीच्या मतदारांनी मेलेल्या पेप्पीनोला पालिकेवर निवडून दिलं.

आता फेलीचाची पाळी आली. वय बासष्टीला टेकलेलं, नवरा आठ महिन्यांपूर्वी गेलेला, थोरल्या मुलाचं प्रेतही धड हाती न आलेलं. रिवाजाप्रमाणे तिने दार लावून बसायचं होतं. सुडाची भाषा सासरच्या नात्यांतून आलीही. मुलगा माफियाविरोधी होता खरा, पण रक्त शेवटी इम्पास्तातोंचं होतं, आणि रक्ताचा हिशेब करण्याचा हक्क नातेवाइकांना होता. फेलीचाने तो नाकारला. पेप्पीनो तुमच्यातला नव्हता, त्याच्या नावाने कुणाचं रक्त सांडायचं नाही, अशी तिची भूमिका होती. तिने आणि धाकटा मुलगा जोव्हान्नी याने नवऱ्याच्या माफिया नातेवाइकांशी संबंध तोडले, कोर्टात फिर्याद दिली आणि बादालामेंतीचं नाव घेतलं. शंभर पावलांवर राहणाऱ्या माणसाचं.

आणि तिने दार उघडं ठेवलं. पत्रकार, विद्यार्थी, अनोळखी तरुण, जो येईल त्याला ती बसवून मुलाची गोष्ट सांगायची. ओमेर्ताच्या गावात एक म्हातारी बाई बोलत राहिली.

तिने काय नाकारलं याचं माप पुढच्या काही वर्षांनी दिलं. 1981 पासून कोर्लेओनेच्या टोळीने बाकीच्या टोळ्यांचा सफाया सुरू केला, आणि त्यात शेकडो माणसं मेली. बादालामेंतीला त्याआधीच माफियातून काढून टाकलं होतं. तो देशाबाहेर पळाला, पण मागे राहिलेले त्याचे कित्येक नातेवाईक मारले गेले. माफियातलाच तोम्मासो बुशेत्ता ब्राझीलमधे होता, तर 1982 मधे पालेर्मोतले त्याचे दोन मुलगे गायब झाले. ते पुन्हा कधी दिसले नाहीत. मुलगे गेल्यावर 1984 मधे तो न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापुढे बोलू लागला, आणि त्याच्या जबानीवर साडेचारशेहून जास्त आरोपींचा महाखटला उभा राहिला. 1992 मधे फाल्कोने यांना बॉम्बने मारलं. त्या कटातला सान्तीनो दी मात्तेओ पकडला जाऊन साक्षीदार झाला, तेव्हा बापाचं तोंड बंद करायला नोव्हेंबर 1993 मधे त्याच्या बारा वर्षांच्या मुलाला पळवलं. पळवणारे पोलिसांच्या वेषात आले होते. तुला वडिलांकडे नेतो म्हणाले, आणि पोरगं आनंदाने निघालं. 779 दिवस कोंडून ठेवून जानेवारी 1996 मधे त्याचा गळा आवळला आणि देह आम्लात विरघळवला. माफिया लहान मुलांना हात लावत नाही, ही सिसिलीत मोठ्या अभिमानाने सांगितली जाणारी थाप त्या जुझेप्पे दी मात्तेओबरोबर विरघळली.

फेलीचाचा रस्ता याच्या नेमका उलट होता, आणि तो फार लांबचा निघाला. उंबेर्तो सांतीनो आणि आन्ना पुलीझी या जोडप्याने 1977 साली पालेर्मोत माफियाच्या अभ्यासाचं केंद्र काढलं होतं. पुढे त्याला पेप्पीनोचं नाव दिलं गेलं. त्यांनी या प्रकरणाचा पिच्छा सोडला नाही. 9 मे 1979 रोजी चीनिसीत निघालेला मोर्चा हा इटलीतला माफियाविरोधातला पहिला राष्ट्रीय मोर्चा मानला जातो. न्यायाधीश रोक्को किन्नीची यांनी तपास पुन्हा हाती घेतला, पण जुलै 1983 मधे त्यांनाच घरासमोर मोटार-बॉम्बने उडवण्यात आलं. त्यांचं काम पुढे नेऊन 1984 साली न्यायाधीश आंतोनीनो कापोन्नेत्तो यांनी लेखी निर्णय दिला: हा खून माफियाने केला, मारेकरी अज्ञात. आत्महत्येचा डाग सहा वर्षांनी पुसला गेला. 1992 मधे फाइल पुन्हा बंद झाली. चीनिसीच्या टोळीतलाच एक माणूस बोलू लागल्यावर ती परत उघडली.

बादालामेंती तोवर अमेरिकेच्या तुरुंगात होता. 1984 साली माद्रिदमधे तो पकडला गेला आणि हेरॉइनच्या धंद्याबद्दल 1987 मधे त्याला 45 वर्षांची शिक्षा झाली. पिझ्झाच्या दुकानांआडून तो माल विकला जाई, म्हणून तो खटला ‘पिझ्झा कनेक्शन’ नावाने गाजला. पेप्पीनोच्या खुनाचा खटला पालेर्मोत चालला आणि बादालामेंती अमेरिकेतून पडद्यावर हजर राहिला. ऐंशी ओलांडलेल्या फेलीचाने साक्ष देताना त्या पडद्याकडे बोट रोखलं. 2000 साली संसदेच्या माफियाविरोधी आयोगाने अहवाल दिला आणि तपास भरकटवण्यात सरकारी यंत्रणेचाच हात होता हे मान्य केलं. मार्च 2001 मधे बादालामेंतीचा उजवा हात व्हीतो पालात्सोलो याला 30 वर्षांची शिक्षा झाली. 11 एप्रिल 2002 रोजी बादालामेंतीला जन्मठेप झाली. खुनाला 24 वर्षं होत आली होती.

सुडाला एक रात्र पुरली असती. चोवीस वर्षं लागली म्हणून न्यायाचा रस्ता वाया गेला, असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. या चोवीस वर्षांत इम्पास्तातोंच्या घरातून आणखी एकही प्रेत निघालं नाही, आणि त्या घराच्या नावाने दुसऱ्या कुणाच्या घरातूनही निघालं नाही. जोव्हान्नीला भावाच्या खुनाचं देणं फेडायचं नव्हतं. त्याला भावाची गोष्ट सांगायची होती, आणि ती तो वर्षानुवर्षं सांगत राहिला.

बादालामेंती एप्रिल 2004 मधे अमेरिकेच्या तुरुंगात मेला. फेलीचा त्याच वर्षी 7 डिसेंबरला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, चीनिसीत गेली. पुढच्या वर्षापासून तिचं घर स्मृतिगृह म्हणून सर्वांना खुलं झालं. बादालामेंतीचं घर सरकारने जप्त केलं आणि 2010 साली ते याच स्मृतिगृहाच्या संस्थेकडे सोपवलं. ज्या धावपट्टीविरुद्ध पेप्पीनो शेतकऱ्यांबरोबर लढला, त्या विमानतळाला आता फाल्कोने आणि बोर्सेल्लीनो या दोन न्यायाधीशांचं नाव आहे. दरवर्षी 9 मेला तेर्रासीनीतल्या रेडिओ आउतच्या जागेपासून मोर्चा निघतो आणि चालत चालत चीनिसीत, फेलीचाच्या दारापर्यंत येतो.